नवरदेव वन, धूर दिसतोय का?

हवेतल्या माणसाला सुखरूप जमिनीवर आणणं हे माझं आयुष्यभराचं काम. मी मुंबईच्या विमानतळावर एअर ट्रॅफिक कंट्रोलर होतो. म्हणजे उंच टॉवरमध्ये बसून वैमानिकांना रेडिओवरून 'तू थांब, तू उतर, तू जरा एक चक्कर मारून ये' असं सांगणारा माणूस. निवृत्त होऊन कर्जतला राहायला आलो आणि आल्या आल्या सगळ्यांना सांगून टाकलं, की दत्तोपंतांच्या शब्दावर उतरलेलं एकही विमान आजवर चुकीच्या जागी उतरलेलं नाही! हे वाक्य मी वाण्याकडे, सलूनमध्ये आणि सासुरवाडीत इतक्या वेळा म्हटलं, की पुढे पुढे मी नुसतं 'दत्तोपंतांच्या' म्हटलं की उरलेलं लोकच म्हणायचे.

खुर्ची गेली तरी सवय गेली नव्हती. घरी माझा टॉवर चालूच होता.

"पद्मजा, मी मंडईत जातो. कोथिंबीर आणि दही आणतो. रीडबॅक?"

रीडबॅक म्हणजे ऐकणाऱ्याने ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. वैमानिक म्हणून दाखवतात. बायको दाखवत नाही.

"जा एकदाचे," पद्मजा म्हणाली.

"हा रीडबॅक नव्हे. आणि माझं बोलणं पूर्ण व्हायच्या आत बोलू नये. रेडिओचं एक तत्त्व आहे. बोलायचं असेल तर बटण दाबायचं, ऐकायचं असेल तर सोडायचं. दोघांनी एकदम दाबलं तर कुणालाच काही कळत नाही, नुसती शिट्टी वाजते. म्हणून एक जण बोलत असताना दुसऱ्याने..."

"तुमचं बटण सुटतं कधी?" तिने विचारलं.

असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही. मी पिशवी घेतली आणि निघालो.

अशात एप्रिल महिन्यात एक दिवस दशरथ घरी आला. दशरथ पोशीरचा, शाळेत माझ्या शेजारी बसायचा. आता भातशेती करतो. त्याच्या रूपेशचं लग्न कुंभिवलीच्या सुरेखाशी ठरलं होतं, हे मला माहीत होतं. दोघं खोपोलीला एकाच कारखान्यात कामाला, तिथेच एकमेकांना पसंत केलेली.

"दत्ता, तुजं काम हाय रं," दशरथ म्हणाला. "नवरदेव हेलिकॉप्टरनं न्यायचा हाय."

मी हातातला चहा खाली ठेवला.

"हौस नाय," तो घाईघाईने म्हणाला. "नाइलाज हाय. साखरपुड्याला काय झालं, ठाव हाय ना तुला?"

ते सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. साखरपुड्याच्या दिवशी पोशीरचं वऱ्हाड हायवेवर अडकलं ते अडकलंच. पोचलं तेव्हा पाहुणे जेवून गेले होते आणि केटररची माणसं टेबलं टेंपोत चढवत होती. मुलीचे वडील धाकलूशेठ. त्यांचं हायवेला टायरचं दुकान आहे. त्यांनी तेव्हाच सगळ्यांसमोर बजावलं होतं, की लग्नाला नवरदेव मुहूर्तावर उभा नसेल तर मांडव उतरवीन आणि पोरगी घरात घेईन. आणि हा माणूस बोलतो ते करतो. पूर्वी एकदा फोटोग्राफर उशिरा आला म्हणून त्यांनी घराची वास्तुशांत फोटोशिवाय उरकली होती.

"लगीन रविवारी हाय," दशरथ म्हणाला. "रविवारी हायवे कसा असतो ते तुला सांगायला नको. आनि घरचं देवक उरकल्याबिगर नवरदेवाला निघता येत नाय. आमचा रूपेश म्हणतो, करीन तर हिच्याशीच. उशीर झाला तर पोराचा संसार उभा राहायच्या आधीच मोडंल. खालून बोलायला कोणतरी जाणता माणूस पायजे."

"दशरथ," मी उठून उभा राहिलो, "तुझा मुलगा मी मांडवाच्या दारात उतरवतो. दत्तोपंतांच्या शब्दावर..."

"...एकही विमान चुकीच्या जागी उतरलेलं नाही," पद्मजा आतून म्हणाली.

हेलिकॉप्टरवाल्यांनी मला हातात धरायचा एक रेडिओ पाठवला. वैमानिक होता कॅप्टन ओमकार, तरणाताठा, नम्र मुलगा. त्याने आदल्या दिवशी फोन केला.

"सर, मैदान मोकळं ठेवा. वारा कळायला काठीला एखादं कापड बांधा. आणि मी जवळ आलो की धूर करा. वरून सगळी शेतं सारखीच दिसतात, धूर असला की जागा पटकन सापडते."

"ओमकार, तुझ्या जन्माच्या आधीपासून मी हे करतोय," मी म्हणालो.

फोन ठेवला तर पद्मजा समोर. "अहो, धुराचं म्हणाल तर सध्या सगळीकडे..."

"पद्मजा, मला उद्याची उजळणी करू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षाने कुंभिवलीला जातानासुद्धा तिने बाहेर बोट दाखवून काहीतरी सुरू केलं होतं. मी डोळे मिटून वाऱ्याच्या दिशा घोकत होतो.

कुंभिवलीला मांडवामागच्या शेतात मी माझा विमानतळ उभारला. मध्यभागी फक्कीने मोठं वर्तुळ आखलं. टॉवर म्हणून पाण्याचा टँकर. त्याच्यावर मी, डोक्याला टोपी, हातात रेडिओ. लांब कोपऱ्यात ओल्या पेंढ्याचा ढीग, त्याच्याशेजारी काडेपेटी आणि पाण्याची बादली घेऊन खुद्द दशरथ. तो पहाटेच गाडीने येऊन पोचला होता. रेडिओ नीट ऐकू यावा म्हणून मांडवातला लाउडस्पीकर मी बंद करायला लावला.

वाऱ्यासाठी दोन्हीकडून उघडं असं नळीसारखं कापड लागतं. ते कुठे मिळेना. शेवटी धाकलूशेठनी स्वतःचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणून दिला. तो बांबूला बांधला, पण जमीन इतकी कडक, की बांबू रोवता येईना. कुणीतरी धरून उभं राहणं भाग होतं. एवढं जबाबदारीचं काम कुणाला द्यायचं? मी ते वधूपित्यालाच दिलं.

"धाकलूशेठ, काठी सोडायची नाही, जागा सोडायची नाही. हेलिकॉप्टर टेकेपर्यंत. आता परत म्हणून दाखवा."

"काठी सोडायची नाय, जागा सोडायची नाय, हेलिकॉप्टर टेकेपर्यंत," धाकलूशेठ फेटा सावरत म्हणाले.

इतका स्वच्छ रीडबॅक मला घरात कधी मिळाला नव्हता. मी खूश झालो.

मुहूर्त जवळ आला तशी रेडिओत खरखर झाली.

"कुंभिवली टॉवर, नवरदेव वन. पोशीरहून निघालो. नवरदेव, मामा आणि करवली. मामांनी डोळे मिटून घेतलेत."

नवरदेव वन, म्हणजे नवरदेव नंबर एक, हे हेलिकॉप्टरचं रेडिओवरचं नाव मीच ठेवलं होतं. मैदानाभोवतीचे लोक टाळ्या वाजवू लागले. मी दशरथला खूण केली, त्याने पेंढा पेटवला, झकास पांढरा धूर निघाला.

"नवरदेव वन, धूर दिसतोय का?"

"दिसतोय सर. टेकडीजवळ."

"धुराजवळ उतरा."

"धुराजवळ उतरतो."

सूचना बरोबर, रीडबॅक बरोबर. मी कमरेवर हात ठेवून आकाशाकडे पाहिलं. आवाज आला, मोठा झाला, अगदी जवळ आला आणि टेकडीपलीकडे जाऊन खाली बसला. मग टेकडीमागून राखेचा एक काळा लोट वर उठला.

"कुंभिवली टॉवर, नवरदेव वन. उतरलो."

"कुठे?"

"धुराजवळ."

"मला तुम्ही दिसत नाही."

"मलाही तुम्ही दिसत नाही सर. मांडवही दिसत नाही. एक आजोबा दिसतायत. ते आमच्यावर ओरडतायत, आणि आम्ही सगळे काळे झालोय."

"राब!" टँकरखालून पद्मजा म्हणाली. "हेच मी कालपासून सांगतेय तुम्हाला."

आता हे तुमच्यापैकी शेतीवाल्यांना सांगायला नको. पण माझ्यासारखे कुणी असतील तर सांगतो. आमच्याकडे पावसाच्या आधी भाताच्या रोपांसाठी जमिनीचा एक तुकडा राखून ठेवतात. त्याच्यावर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. त्या राखेत पुढे भाताचं बी पेरायचं. एप्रिलमध्ये कर्जत-खालापुरात जिकडे बघाल तिकडे राबाचा धूर असतो. टेकडीपलीकडच्या वाडीतल्या धाऊ नावाच्या म्हाताऱ्याने त्या दिवशी आपला राब भाजायला काढला होता, आणि मी माझं हेलिकॉप्टर बरोबर त्याच्या डोक्यावर नेऊन सोडलं होतं.

आयुष्यातली पहिली चूक! माझ्या पायाखालचा टँकर हलल्यासारखा वाटला. मी बटण दाबलं आणि बोलत सुटलो.

"नवरदेव वन, तुम्ही चुकीच्या जागी उतरलेले आहात. ही जागा नव्हे. जागेवरून कुणीही हलू नये. दार उघडू नये. माझ्या कारकिर्दीत असं कधीही झालेलं नाही. धूर म्हणजे पांढरा धूर, काळा नव्हे. ताबडतोब उड्डाण करा आणि टेकडीच्या अलीकडे या..."

हे बरंच लांबलं. शेवटी श्वास घ्यायला मी बटण सोडलं तेव्हा ओमकारच्या वाक्याचं शेपूट ऐकू आलं. "...कळलं ना सर?"

"रॉजर," मी म्हणालो. "उड्डाण करा."

"नक्की ना सर?"

"ताबडतोब!"

रॉजर याचा अर्थ 'तुमचं सगळं बोलणं मला पोचलं'. नव्या पोरांना मी शिकवायचो, की पोचलं नसेल तर रॉजर म्हणणं हे पाप आहे. पण सवयीने तोंडातून निघून गेलं.

"काय म्हणाला तो?" पद्मजाने विचारलं.

"मी रॉजर म्हणालो."

"तुम्ही काय म्हणालात ते नाही विचारलं. तो काय म्हणाला?"

"पद्मजा, मी ड्यूटीवर आहे."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मांडवाकडे निघून गेली.

हेलिकॉप्टर पुन्हा वर आलं. पण तेवढ्यात दुसरंच सुरू झालं. धाऊच्या वाडीतल्या कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवून दिला होता, की राब पेटवला आणि हेलिकॉप्टर उतरलं. झालं! ज्यांनी राब उद्यावर टाकला होता त्यांनी आजच पेटवला. ज्यांचे राब भाजून झाले होते त्यांनी गोठा शाकारायला ठेवलेला पेंढा पेटवला.

"कुंभिवली टॉवर, आता मला पुष्कळ धूर दिसतायत," ओमकार म्हणाला. "तुमचा कुठला?"

"पांढरा!"

"सगळे पांढरे आहेत सर. लोक हात करून बोलावतायत. एकाने नारळ फोडला."

खाली धाकलूशेठनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचा प्रयत्न केला, पण दोन्ही हात बांबूवर होते. "ओ साहेब," ते ओरडले, "मुहूर्त निघून चालला ना! मी सांगून ठेवतो, मांडव उतरवीन!"

दशरथचा चेहरा पेंढ्याच्या धुरातसुद्धा पांढराफटक दिसत होता. मला काहीतरी करायला हवं होतं. मी माइक मागवला, लाउडस्पीकर चालू करायला लावला आणि टँकरवरून अशी घोषणा केली, की पार खालापूरला ऐकू गेली असेल. "सर्वांना विनंती, धूर करू नका! पेटवलेला धूर ताबडतोब विझवा! नवरदेवाच्या जिवाला धोका आहे!"

मग रेडिओसाठी लाउडस्पीकर पुन्हा बंद. खरं सांगतो, आमच्या तालुक्यातले लोक फार चांगले आहेत. नवरदेवाच्या जिवाला धोका म्हटल्यावर एकूण एक धूर हळूहळू विझला.

"कुंभिवली टॉवर, आता एकही धूर नाही."

मी कोपऱ्याकडे पाहिलं. दशरथ रिकामी बादली घेऊन उभा होता.

"अरे, तू कशाला विझवलास?"

"तूच म्हनलास ना, सर्वांनी!"

आकाशात हेलिकॉप्टर घारीसारखं गोल फिरत होतं. मी टँकरवर बसलो. खरंच सांगतो, त्या क्षणी मला रडू आलं. रूपेशला मी लहानपणापासून बघत आलेलो. त्याचं लग्न माझ्या पायी मोडणार होतं.

आणि रेडिओ बोलला. "सर, तो पट्ट्यांचा पायजमा तुमचा का?"

"आमचा!" मी किंचाळलो. "धाकलूशेठ, हलवा! पायजमा हलवा!"

धाकलूशेठनी सगळी ताकद लावून बांबू डोक्यावर गरगर फिरवला. फेटा सुटला, उपरणं उडालं, पण ते जागेवरून हलले नाहीत. "पायजम्याजवळ उतरा," मी म्हणालो. "पायजम्याजवळ उतरतो," ओमकार म्हणाला. आणि हेलिकॉप्टर माझ्या फक्कीच्या वर्तुळात असं अलगद टेकलं, की बँडवाल्यांनी आपणहून सुरू केलं. अख्खं गाव मैदानात होतं. सुवासिनी आरतीची ताटं घेऊन पुढे झाल्या. मी टँकरवरून उतरलो आणि स्वागताला स्वतः दाराशी गेलो.

दार उघडलं. आधी काळीकुट्ट करवली उतरली. मग डोळे मिटलेले काळेकुट्ट मामा उतरले. एका सुवासिनीने मामांना ओवाळलं. मग आम्ही सगळे वाट बघत राहिलो. आणखी कुणीच उतरलं नाही.

"नवरदेव?" मी विचारलं.

"सर," ओमकार म्हणाला, "ते मघाशी राबावरच उतरले. आजोबांची माफी मागायला. मी तुम्हाला सांगितलं, नवरदेव खाली गेलेत, थांबू की निघू? तुम्ही म्हणालात, रॉजर. मी पुन्हा विचारलं, नक्की ना? तुम्ही म्हणालात, ताबडतोब."

पंखा हळूहळू थांबला. बँड थांबला. धाकलूशेठ बांबू घेऊन तसेच उभे. त्या शांततेत मांडवाकडून भटजींचा आवाज आला, "...शुभमंगल सावधान!" आणि पाच-सहा माणसांनी टाळ्या वाजवल्या.

आम्ही सगळे धावलो.

मांडवात बोहल्यावर रूपेश उभा होता. नखशिखांत राखेने माखलेला, फक्त डोळे आणि दात पांढरे. त्याच्यासमोर सुरेखा, गळ्यात काळ्या बोटांचे ठसे उमटलेला हार, आणि हसू आवरत नसलेली. दोघांमधला अंतरपाट नुकताच खाली आला होता. त्याचं एक टोक पद्मजाच्या हातात होतं आणि दुसरं एका उघड्या अंगाच्या, डोक्याला फडकं बांधलेल्या म्हाताऱ्याच्या. तो धाऊ. अक्षता टाकायला आचारी, वाढपी आणि मांडवात झोपलेली दोन लहान मुलं होती.

झालं होतं ते असं. धाऊचा राब उडाला, म्हणून रूपेश मुंडावळ्यांसकट खाली उतरून त्याच्या पाया पडला. शेतकऱ्याचा पोरगा, राख उडाली म्हणजे काय ते त्याला कळत होतं. मागे वळतो तर हेलिकॉप्टर उडालेलं. धाऊने विचारलं, लगीन कुठं हाय? कुंभिवलीला म्हटल्यावर तो म्हणाला, मंग ही काय टेकडीच्या पल्याड, बांधावरून जाऊ. आणि दोघं गप्पा मारत चालत आले. आम्ही सगळे आकाशाकडे माना करून उभे होतो, तेव्हा ते आमच्या पाठीमागून मांडवात शिरले. भटजींना पुढे चौकला दुसरं लग्न होतं. मुहूर्त आला, वर आला, वधू होती. त्यांनी मंगलाष्टकं सुरू केली.

"आम्हाला बोलवायचं तरी!" मी पद्मजाला म्हणालो.

"दोनदा माणूस पाठवला. तुम्ही त्याला सांगितलंत, मी ड्यूटीवर आहे."

धाकलूशेठ सगळ्यांत शेवटी पोचले. बांबू अजून हातातच होता. त्यांनी मुलीकडे पाहिलं, काळ्या जावयाकडे पाहिलं, आणि बाहीने डोळे पुसले. एकुलती एक मुलगी, आणि तिच्या लग्नाच्या क्षणी बाप शेतात पायजमा फिरवत होता. माझी मान खाली गेली.

"व्याही," दशरथ अगदी हळू म्हणाला, "आज उशीर कोणाला झाला हो?"

धाकलूशेठनी आता कुठे घड्याळाकडे पाहिलं. मग त्यांनी बांबू माझ्या हातात दिला आणि पुढे होऊन रूपेशला मिठी मारली. त्यामुळे तेही काळे झाले. भटजींनी बापासाठी शेवटचं मंगलाष्टक पुन्हा एकदा म्हटलं, आणि या वेळी लाउडस्पीकर चालू होता.

सगळे जेवायला बसले तेव्हा धाऊ माझ्याशेजारी येऊन बसला.

"हेलिकाप्टर तुमी बोलावलं व्हतं?"

"हो," मी म्हणालो.

"मंग माजा राब?"

म्हणून गेले काही दिवस मी टेकडीपलीकडच्या वाडीवर जातोय. धाऊचा राब पुन्हा रचायचा आहे. पालापाचोळा मी गोळा करतो, शेणाच्या पाट्या मी वाहतो. धाऊ तंबाखू मळत बांधावर बसतो आणि त्याच्याशेजारी छत्री घेऊन पद्मजा. मी तिला म्हटलं होतं, तू कशाला उन्हात येतेस? ती म्हणाली, मला बघायचंय.

"ही पाटी डावीकडच्या कोपऱ्यात," काल ती बांधावरून म्हणाली. "पातळ पसरायची. आणि मध्ये बोलायचं नाही. रीडबॅक?"

डोक्यावर शेणाची पाटी होती. मी म्हणालो, "डावीकडच्या कोपऱ्यात. पातळ पसरतो. मध्ये बोलत नाही."

"रॉजर," ती म्हणाली.